गावच्या नळयोजनेचे पाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळवा तालुक्यातील कृष्णाकाठच्या आमच्या गावात नळाला एक दिवसाआड, सकाळी दीड तास पाणी सुटते. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचे काम पाहताना ग्रामसभेत, दूध डेअरीच्या रांगेत आणि कधी कधी भर लग्नाच्या मांडवातही पाण्याविषयी जे प्रश्न कानावर येतात, त्यांची उत्तरे येथे लिहिली आहेत. सांगली-साताऱ्यातील बहुतेक छोट्या योजनांना ती लागू पडतील. फक्त स्रोत नदी, विहीर, कूपनलिका की डोंगरातला झरा, यानुसार थोडा फरक पडेल.

पाणी नदीचेच आहे, मग घरी येईपर्यंत त्याचे नेमके काय होते?

महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाईवरून येते, कराडला तिला कोयना मिळते आणि मग ती आपल्या शिवाराला लागते. वाटेतल्या गावा-शहरांचे सांडपाणी, घाटावरची धुणी, जनावरे आणि शेतातून वाहून आलेली खते हे सगळे तिच्यात मिसळलेले असते, त्यामुळे हे पाणी जसेच्या तसे पिण्याजोगे नसते. आपल्या योजनेत जॅकवेलमधून, म्हणजे नदीकाठच्या उपसा विहिरीतून, उपसलेल्या पाण्यात आधी तुरटीचे द्रावण सोडतात, गाळ तळाशी बसू देतात, वरचे पाणी वाळूच्या गाळणीतून काढतात आणि त्यानंतर टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडरचे द्रावण मिसळून ते उंच टाकीत चढवतात. हा क्रम महत्त्वाचा आहे. गढूळ पाण्यात टीसीएल कितीही ओतले तरी त्यातील क्लोरीनचा मोठा भाग मातीत आणि कुजलेल्या पालापाचोळ्यात खर्ची पडतो, शिवाय मातीच्या कणांच्या आडोशाला जंतू शाबूत राहतात. अनेक गावांत गाळणी केंद्रच नाही आणि काठावरच्या विहिरीतून पाणी थेट टाकीत जाते. तेथे टीसीएल हा एकच उपाय उरतो, म्हणून तेथे त्याची हयगय एक दिवसही चालत नाही.

पाणी काचेसारखे नितळ आहे, चवीलाही गोड आहे. तरीही शंका कशाला?

कारण डोळ्यांना आणि जिभेला गाळ, रंग आणि क्षार कळतात, जंतू कळत नाहीत. गॅस्ट्रो, कॉलरा, विषमज्वर आणि कावीळ पसरवणारे जंतू पाण्यात असले तरी पाणी तितकेच नितळ दिसते. जावळी-पाटणच्या डोंगरातील झऱ्यांचे पाणी अत्यंत नितळ असते, तरी पहिल्या पावसात वरच्या अंगाला चरणाऱ्या गुरांचे शेण त्यात उतरू शकते. उलट आटपाडी किंवा जतकडच्या कूपनलिकेचे पाणी मचूळ लागते आणि तरी जंतूंच्या दृष्टीने ते निर्दोष असू शकते. चवीवरून पाण्याची परीक्षा करण्याची आपली सवय जुनी आहे, पण ती या बाबतीत उपयोगाची नाही.

काविळीविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दूषित पाणी पोटात गेल्यापासून कावीळ दिसायला दोन आठवड्यांपासून कित्येकदा महिना-दीड महिना लागतो. त्यामुळे रुग्ण सापडू लागतात तेव्हा "आता तर पाणी चांगले येते" हे म्हणणे खरेही असू शकते. पाणी बिघडलेले असते ते महिन्यापूर्वी, ज्या दिवसाची कोणी नोंदही ठेवलेली नसते.

टीसीएल किती टाकावे?

हा प्रश्न बहुतेक वेळा "किती चमचे" किंवा "किती मूठ" अशा रूपात येतो आणि गडबड तेथेच सुरू होते. ताज्या, चांगल्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. १,००० लिटर पाण्यात प्रतिलिटर १ मिलिग्रॅम क्लोरीन मिळवायचा तर १ ग्रॅम क्लोरीन लागतो, म्हणजे ३३ टक्क्यांची पावडर ३ ग्रॅम, २५ टक्क्यांची ४ ग्रॅम आणि २० टक्क्यांपर्यंत उतरलेली ५ ग्रॅम. आपली टाकी ५०,००० लिटरची असल्याने हेच प्रमाण अनुक्रमे १५०, २०० आणि २५० ग्रॅम होते. पावसाळ्यात नदी गढूळ असते तेव्हा पाणी स्वतःच क्लोरीन जास्त खाते, म्हणून मात्रा वाढवावी लागते. ती किती वाढवावी हे हॉरॉक्स चाचणीने ठरवता येते आणि आरोग्य सेवकाकडून ती करून घेता येते. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये.

विहिरीसाठी आधी पाण्याचा अंदाज काढावा लागतो. विहीर गोल असेल तर व्यासाचा वर्ग करावा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि ३.१४ ने गुणावे, चारने भागावे आणि आलेल्या उत्तराला १,००० ने गुणले की लिटर मिळतात. ४ मीटर व्यासाच्या विहिरीत ३ मीटर पाणी असेल तर ते सुमारे ३७,७०० लिटर भरते. विहिरीत रोज पाणी चढते-उतरते, त्यामुळे उन्हाळ्यातला हिशेब श्रावणात चालत नाही.

पावडर तशीच टाकीत झोकून देऊ नये. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात तिची आधी पेस्ट करावी, मग बादली पाऊण भरून ढवळावी, पंधरा-वीस मिनिटांत चुना तळाशी बसला की वरचे निवळ तेवढे टाकीत सोडावे. हे द्रावण टाकीत पडल्यापासून किमान अर्धा तास, शक्यतो एक तास पाणी खाली सोडू नये. वेळेच्या घाईत नेमका हाच अर्धा तास कापला जातो.

टीसीएलचे पोते दमट खोलीत ठेवले तर काय होते?

त्याचा जोर जातो. उजेड, ऊब आणि हवेतील ओल या तिन्हींनी क्लोरीन उडून जातो आणि उरतो तो बहुतांशी चुना. काही वर्षांपूर्वी आमच्याच पंपघरात जिन्याखाली तोंड उघडे असलेले पोते सापडले होते. पावडर ढेकळासारखी घट्ट झाली होती आणि नाकाजवळ नेली तरी झणका येत नव्हता. वॉटरमन बिचारा नेमाने मोजून टाकत होता, नोंदवहीत रोजची सहीसुद्धा होती आणि पाण्यात मात्र क्लोरीनचा पत्ता नव्हता. तेव्हापासून आपण लहान पोती घेतो, पावडर झाकणाच्या प्लास्टिक पिंपात ठेवतो आणि पिंपावर खरेदीची तारीख लिहितो.

पाण्याला औषधाचा वास येतो. ते लहान मुलांना द्यावे का?

द्यावे. भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ नुसार नळाच्या पाण्यात शिल्लक क्लोरीन प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम असावा आणि तो १ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा किमान ०.५ मिलिग्रॅम ठेवावा, असेही तेच मानक सांगते. एवढ्या क्लोरीनचा हलका वास येणे स्वाभाविक आहे. पाणी पसरट भांड्यात तास-दोन तास झाकून ठेवले तर वास पुष्कळ कमी होतो. वास सहन होत नाही म्हणून शेजारच्या मळ्यातील विहिरीचे पाणी प्यायला आणणारी घरे आपल्या गावात आहेत. ती चुकीचा सौदा करत आहेत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मात्र वास असह्य असेल, डोळे चुरचुरत असतील तर मात्रा नक्कीच चुकली आहे आणि त्याच दिवशी कळवावे.

ओटी चाचणी म्हणजे काय, आणि ती शेवटच्या नळालाच का घेतात?

ओटी म्हणजे ऑर्थोटोल्युडीन नावाचे रसायन. लहान काचनळीत नळाचे पाणी खुणेपर्यंत भरायचे, किटवर सांगितले आहेत तितके थेंब टाकायचे, हलवायचे आणि लगेच पेटीतील रंगपट्टीशी ताडून पाहायचे. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, रंग जितका गडद तितका तो जास्त, आणि पाणी पांढरेच राहिले तर क्लोरीन नाही. रंग काही सेकंदांत पाहायचा असतो, कारण पाच-दहा मिनिटे ठेवलेल्या नळीचा रंग गडद होत जातो आणि आकडा फसवा येतो. हे रसायन विषारी आहे, म्हणून तपासलेले पाणी गटारात ओतावे, हात धुवावेत आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये.

टाकीजवळच्या पहिल्या नळाला पिवळा रंग आला म्हणजे टीसीएल पडले एवढेच कळते. तेथून मारुतीच्या देवळामागून, जुन्या गावठाणातून, ओढ्याखालून जाणारी वाहिनी ओलांडून पाणी वस्तीतल्या शेवटच्या नळाला पोहोचते, तोवर क्लोरीन वाटेत झिजत गेलेला असतो. वाटेत कोठे गटाराचे पाणी आत शिरत असेल तर तो तेथेच संपतो. टाकीपाशी गडद पिवळा आणि टोकाला पांढरा रंग आला तर बहुधा मध्ये गळती आहे. आमच्या समितीत यावरून बराच वाद झाला, कारण शेवटच्या नळाला जायचे म्हणजे भल्या सकाळी ऊसाच्या सरीतून वाट काढत जावे लागते. परंतु टाकीपाशी घेतलेल्या चाचणीची नोंद माझ्या मते अर्धीच नोंद आहे, आणि साथ आलीच तर ती टाकीपासून नव्हे, त्या टोकापासून सुरू होते.

नळ सुटल्यावर पहिली पाच मिनिटे गढूळ पाणी का येते?

वाहिनी चोवीस तास भरलेली असती तर ते आले नसते. पाणी बंद झाले की वाहिनीतील दाब जातो, कधी आत पोकळीही तयार होते आणि फुटक्या सांध्यातून, सैल व्हॉल्व्हमधून किंवा गटारातून नेलेल्या घरजोडणीतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. पुढच्या वेळी चावी सोडली की तेच पहिल्या घागरीत उतरते. ते पाणी झाडांना घालावे किंवा अंगणात वापरावे, प्यायला भरू नये. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाणी साचलेले असेल तर तो उपसून कोरडा ठेवणे हे ग्रामपंचायतीचे काम आहे. नळाला थेट मोटार लावणाऱ्यांनी मात्र हे समजून घ्यावे की त्यांची मोटार आपल्या घरात जास्त पाणी आणते आणि सगळ्या गल्लीच्या वाहिनीत गटार ओढते.

पाणी कोण तपासते, किती वेळा, आणि अहवाल कसा वाचावा?

रोजची ओटी चाचणी गावचा जलसुरक्षक करतो. स्रोताच्या पाण्याची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जैविक तपासणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर अशी दोनदा प्रयोगशाळेत होते. जैविक तपासणीची बाटली निर्जंतुक असते, तिचे तोंड हाताने पुसायचे नसते, नमुना थंड डब्यात ठेवून २४ तासांच्या आत पोहोचवावा लागतो. जल जीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना फिल्ड टेस्ट किट वापरण्याचे प्रशिक्षण द्यायचे असते. किटबरोबर मिळणाऱ्या एच२एस बाटलीत पाणी खुणेपर्यंत भरून घरात ठेवले आणि २४ ते ४८ तासांत ते काळे पडले तर विष्ठेतील जंतूंचे प्रदूषण असल्याचा संशय घ्यावा. ही चाचणी कोणत्याही गृहिणीला जमते आणि काळी बाटली पाहिल्यावर ग्रामसभेत फारसे बोलावे लागत नाही.

अहवालात सर्वप्रथम ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, पाहावे. १०० मिलिलिटरमध्ये ते शून्य असले पाहिजे, येथे "थोडे चालते" असे काही नसते. त्यानंतर गढूळपणा, जो १ एनटीयूपर्यंत (हे गढूळपणा मोजण्याचे एकक) असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर ५ पर्यंत चालतो. पुढचे आकडे प्रतिलिटर मिलिग्रॅमचे आहेत. नायट्रेट ४५ च्या वर नसावे. फ्लोराइड १ पर्यंत असावे, पर्याय नसल्यास १.५ पर्यंत. एकूण विरघळलेले क्षार, म्हणजे लोक ज्याला टीडीएस म्हणतात ते, ५०० पर्यंत उत्तम आणि पर्याय नसल्यास २,००० पर्यंत मान्य आहेत. कठीणतेसाठी हेच आकडे २०० आणि ६०० आहेत.

जड पाण्याने मुतखडा होतो का?

आपल्या भागातील काळ्या बेसाल्ट खडकातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. त्यामुळे डाळ लवकर शिजत नाही, साबणाचा फेस होत नाही आणि पातेल्याला पांढरा थर बसतो. हा त्रास खरा आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेने कठीणतेसाठी आरोग्याच्या आधारावर कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. ज्यांना मुतखडा आहे त्यांनी पाणी कमी पिण्याची चूक करू नये आणि बाकीचे डॉक्टरांना विचारावे.

ऊसपट्ट्यातील विहिरींबद्दल नायट्रेटची भीती का सांगतात?

कारण युरियातील जे नत्र पिकाने घेतले नाही ते पाटपाण्याबरोबर खाली झिरपते आणि नायट्रेटच्या रूपात भूजलात साठते. उकिरडे आणि शोषखड्डे विहिरीला लागून असले तर त्यात भर पडते. नायट्रेटला रंग, वास किंवा चव नसते. सर्वाधिक धोका बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना असतो. त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि अंग निळसर पडते. पाणी उकळल्याने नायट्रेट कमी होत नाही, उलट वाफ गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात ते वाढते. फ्लोराइडचेही तसेच आहे. म्हणून अहवालात नायट्रेट जास्त आले असेल तर बाळाच्या दुधासाठी दुसऱ्या स्रोताचे पाणी घ्यावे. ज्यांच्या घरी बाळ आहे त्यांच्यापर्यंत ही गोष्ट आशाताईंनी स्वतः पोहोचवावी, हे आमच्या समितीने ठरवून घेतले आहे.

पुराच्या वेळी काय करावे?

२००५, २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या कृष्णाकाठाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही, तरी पूर ओसरल्यानंतरच्या आठवड्याबद्दल लिहितो, कारण तोच अधिक धोक्याचा असतो. जॅकवेल आणि पंपघर पाण्याखाली गेले असेल तर मोटारी सुरू झाल्या म्हणून लगेच पाणी सोडू नये. विहीर बुडाली असेल तर ती उपसून गाळ काढावा, तिच्यात जास्त मात्रेचे टीसीएल टाकून किमान १२ तास ठेवावे आणि ते पाणी उपसून टाकावे. टाकी धुवावी, वाहिनीत क्लोरीनचे पाणी भरून ती धुऊन काढावी आणि शेवटच्या नळाला पिवळा रंग आल्यानंतरच दवंडी द्यावी. तोपर्यंत घरोघरी पाणी उकळून प्यावे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवले तरी पुरते. क्लोरीनचे थेंब किंवा गोळ्या वाटल्या असतील तर त्या पाकिटावरच्या प्रमाणातच वापराव्यात आणि अर्धा तास थांबावे. पुरात भिजलेले माठ घासून घेतल्याशिवाय भरू नयेत.

पूर्वेकडच्या तालुक्यांत टँकर येतो. त्याचे काय?

नियम तेच. १२,००० लिटरच्या टँकरला ३३ टक्क्यांची पावडर ३६ ग्रॅम लागते, तीसुद्धा द्रावण करून. टँकर विहिरीत रिता करत असतील तर त्या विहिरीचेही शुद्धीकरण करावे लागते, अन्यथा आधीचे श्रम वाया जातात.

घरी आरओ बसवला की प्रश्न मिटला ना? आणि जारचे पाणी?

टीडीएस मीटर दाखवून आरओ विकणाऱ्याला एवढेच विचारावे की हे मीटर जंतू मोजते का. ते मोजत नाही. पाण्यात क्षार खरोखरच जास्त असतील, नायट्रेट किंवा फ्लोराइड मर्यादेबाहेर असेल, तर आरओ उपयोगी आहे. आपल्यासारख्या नदीच्या पाण्याला सहसा त्याची गरज नसते, आणि शुद्ध पाण्याबरोबर बरेच पाणी वाया जाते ते वेगळेच. थंड जारचे पाणी बहुधा क्लोरीनविरहित असते आणि पुन:पुन्हा भरलेला जार आतून कधी धुतला होता हे आपल्याला कळत नाही. लग्नकार्यात जार मागवलेच तर ते त्याच दिवशी संपवावेत.

तुरटी फिरवणे, तांब्याच्या भांड्यात ठेवणे, फडक्याने गाळणे चालते का?

तुरटीने गाळ बसतो, चौपदरी फडक्याने कचरा आणि मोठे कण अडतात. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातील काही जंतू मरतात, पण साथीच्या दिवसांत त्यावर भिस्त ठेवता येत नाही. हे उपाय क्लोरीनच्या किंवा उकळण्याच्या आधीचे आहेत, त्याऐवजीचे नाहीत. पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे वापरावे, माठात हात बुडवू नये. निम्मा बिघाड घरातच होतो, हे बोलायला अवघड आहे पण खरे आहे.

हिरवे, पिवळे, लाल कार्ड कशाचे असते?

आरोग्य विभाग वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, गावातील सार्वजनिक स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण करतो. विहिरीला कठडा आहे का, जवळ उकिरडा आहे का, गळती आहे का, टीसीएलचा साठा कसा आहे हे पाहून जोखीम ठरवतात. लाल कार्ड म्हणजे जोखीम तीव्र, पिवळे म्हणजे मध्यम आणि हिरवे म्हणजे सौम्य. कार्ड ग्रामपंचायतीत लावलेले असते. त्यावरचा रंग पाहून थांबू नये, त्रुटींची यादी मागून घ्यावी आणि पुढच्या ग्रामसभेत एकेक त्रुटी वाचून दाखवायला लावावी.

टाकी कधी धुतात?

दर तीन महिन्यांनी, आणि धुतल्याची व पुढच्या धुण्याची तारीख टाकीवर रंगवून लिहितात. मागच्या वेळी आत उतरलो तेव्हा कोपऱ्यांत घोट्याइतका मऊ, तांबूस गाळ होता आणि झाकणाच्या फटीतून आत आलेली कबुतराची पिसे होती. झाकणाला कुलूप आणि हवा जाण्याच्या नळीला बारीक जाळी लागल्यापासून पिसे आलेली नाहीत.

तक्रार कोठे करावी?

प्रथम वॉटरमनकडे, मग ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि सरपंचांकडे, लेखी. गल्ली, तारीख, वेळ आणि वास की गढूळपणा की जुलाबाचे रुग्ण, हे लिहिले तर गळती शोधायला सोपे जाते. एकाच आळीत दोन-तीन घरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या असतील तर अर्जाची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करावा.

वॉटरमन सुट्टीवर असेल त्या दिवशी टीसीएल कोण टाकते?

हा प्रश्न गेल्या ग्रामसभेत एका आजींनी विचारला आणि व्यासपीठावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. आता त्याचे उत्तर आहे. समितीतील दोन महिलांना द्रावण करणे आणि ओटी चाचणी घेणे शिकवले आहे, पंपघराची दुसरी किल्ली अंगणवाडीत ठेवलेली आहे आणि नोंदवही तिच्याशेजारच्या खिळ्याला टांगलेली आहे.